कानातली बाई

आमच्या अहिराणीत 'कानात' म्हणायचं असेल तर 'कानमा' म्हणतात. घरमा, गावमा, वावरमा, तसं कानमा. ज्याला ही भाषा येते त्याला 'कानबाई' हा शब्द ऐकून 'कानात बाई' असं कधीही वाटणार नाही. मला ही भाषा शाळेत जायच्या आधीपासून येते. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी ऐकण्यात चूक झाली होती, अशी पळवाट मला राहणार नाही.

कानबाई ही खान्देशातली घरोघरची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोहोचवतात. या सणाला आम्ही रोट म्हणतो. आमच्या घरची रीत अशी, की रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. तेच दळून नैवेद्य करायचा आणि तो घरच्या माणसांनीच संपवायचा. मुठी काढण्याचं काम थोरल्या सुनेचं. आमच्याकडे ते माझ्या वहिनींकडे होतं, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोकडे. आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून तासाभरावर. भाऊ, ज्याला आम्ही सगळेच आबा म्हणायचो, तिथे शेती बघायचा. मी जळगावला एका शाळेत विज्ञान शिकवायचो, तिथेच मेहरूण भागात घर केलं होतं आणि देव मानत नव्हतो. तरी वहिनी दर श्रावणात माझ्या नावाची मूठ काढायच्या. मी एकदा म्हटलं, माझी कशाला काढता, मी तर मानत नाही. त्या सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, "तुमी नका मानू भाऊ. गहू मानतस."

रविवारी आरती झाली की वहिनींच्या अंगात यायचं. एरवी आबासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, त्याच्याशी बोलायचं असलं तरी भिंतीकडे बघून बोलणारी ही बाई. त्या दिवशी मात्र ती केस मोकळे सोडून घुमायची आणि आबाला 'अरे' म्हणायची. आबा हात जोडून समोर उभा राहायचा. भाऊबंद प्रश्न विचारायचे. बोअर कुठे घ्यायचं, सून माहेरून कधी येईल, बैल विकावा का. उत्तरं थोडक्यात मिळायची आणि लोक ती पाळायचे.

मी मागे खांबाला टेकून बघायचो. मला सुरुवातीपासून संशय होता. मी बघितलं होतं, की इतकं घुमूनही वहिनींचा पाय समईला कधी लागत नाही. रांगोळी कधी पुसत नाही. केस समईच्या बाजूला आले की डोकं दुसरीकडे वळतं. देवी जर सगळं शरीर ताब्यात घेते, तर समईची काळजी कोण घेतं? हा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत विचारायचो आणि लोक हसायचे. आमचा तेव्हा एक गट होता. आम्ही गावोगाव जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवायचो, नारळातून धूर काढायचो आणि नंतर त्यामागचं कारण समजावून सांगायचो. ते काम वाईट नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. भुताच्या नावाखाली मार खाणाऱ्या बायका आम्ही सोडवल्या आहेत. पण मला त्यात आणखी एक सुख होतं, लोकांची फजिती बघण्याचं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका रोटाला मी देवीची परीक्षा घ्यायची ठरवली. आरतीच्या गडबडीत पितळी घंटी उचलून शर्टाखाली कमरेला खोचली आणि वहिनी घुमायला लागल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, की आई, घंटी सापडत नाही, कुठे आहे सांग. वहिनींनी शोधल्यासारखं काही केलं नाही. डोळे अर्धे मिटलेले, अंग हलत होतं, आणि आवाज आला, "ज्यानी घंटी लपाडी, त्याले इचारा." सगळं घर हसलं. मी हललो आणि घंटी कमरेतच वाजली. त्यावर तर बायका फुगडी सोडून हसत सुटल्या. पुढे कित्येक वर्षं गावातली पोरं मला बघून घंटी वाजवल्याची नक्कल करायची.

परतीच्या एसटीत मी त्याचा विचार केला आणि एक निष्कर्ष काढला. वहिनींचं निरीक्षण फार चांगलं आहे. त्या घरात दिवसभर बोलत नाहीत, म्हणून सगळं बघतात. बघितलेलं साठतं आणि वर्षातून एका दिवशी, जेव्हा बोलायची मुभा असते, तेव्हा बाहेर पडतं. त्या नाटक करतात असंही नाही, कदाचित त्यांनाही कळत नसेल. मानसशास्त्राची दोनचार पुस्तकं मी वाचली होती, त्यात हे बसत होतं. निष्कर्ष बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. पुढे जेव्हा त्याचा खरा उपयोग होता, तेव्हा मात्र मी तो वापरला नाही.

आबाला एकच मुलगी. हुशार पोर. धुळ्याला कॉलेज करून डी.एड. झाली. तिच्यासाठी स्थळ मी आणलं. आमच्या गटातला माझा मित्र भुसावळला रेल्वेत होता, त्याचा मुलगा इंजिनिअर, जळगावला पाइपच्या कारखान्यात. मी आणि मित्रानं ठरवलं, पत्रिका बघायची नाही, हुंडा नाही, मानपान नाही. पत्रिकेऐवजी दोघांचे रक्तगट तपासून घेतले आणि ते जुळले म्हणून आम्ही एकमेकांना पेढा भरवला. आज हे लिहिताना हसू येतं. रक्तगट बघून माणूस कळतो, असं आम्ही दोन विज्ञानवादी खरंच मानत होतो की काय, कोण जाणे. मला वाटतं आम्हाला पत्रिकेच्या जागी ठेवायला काहीतरी हवं होतं.

बघण्याचा कार्यक्रम गावी झाला. मुलगा कमी बोलणारा, नीटनेटका. वहिनी आतल्या दारातून बघत होत्या. नंतर आबानं विचारलं, कसं वाटलं. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी रोट होता. मी होतोच. अंगात आल्यावर कुणी काही विचारायच्या आत वहिनी आबासमोर आल्या आणि म्हणाल्या, "त्या घरमा पोर देवानी नही. दिधी तं परत येई."

माझ्या डोळ्यांसमोर भुसावळचा मित्र आला. त्याला काय सांगणार होतो मी? आमच्या घरात लग्नं देवी ठरवते? तो काय म्हणाला असता ते मला शब्दाशब्दानं ऐकू येत होतं. शिवाय ती घंटी. माझ्या मनात आलं, की ही बाई मला पुन्हा सगळ्यांसमोर खाली बघायला लावते आहे. तिच्या बोलण्यात काही अर्थ असेल, हे माझ्या मनात आलं नाही. माझाच निष्कर्ष होता, की हिला दिसतं आणि देवीच्या तोंडून ते बाहेर येतं. मग पुढचा प्रश्न सरळ होता: हिला त्या मुलात काय दिसलं? विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं तो विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आबा मला ओट्यावर घेऊन बसला. त्याची झोप झालेली नव्हती. म्हणाला, "तू शिकेल शे. तूच सांग, कानबाईनं आयकू का तुनं?" मी म्हटलं, वहिनींना आजार आहे. अंगात येणं हा मनाचा आजार असतो, जळगावला चांगले डॉक्टर आहेत, दाखवून घेऊ. आबा तयार झाला. मला वाटतं त्याला सुटका हवी होती. बायको आजारी निघाली तर देवीचा शब्द मोडल्याचं पाप लागणार नव्हतं.

वहिनींना आम्ही थकव्याचं सांगितलं. त्या पारोळा-एरंडोलच्या रस्त्यानं एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, डॉक्टरांना द्यायला शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन.

डॉक्टर साताऱ्याकडचे, जळगावला नवीन. माणूस चांगला होता. घाई करणारा नव्हता. आबाला बाहेर बसवून त्यांनी वहिनींना बरंच काही विचारलं. मला भाषेसाठी आत ठेवलं, कारण वहिनींची अहिराणी त्यांना नीट कळत नव्हती. झोप, भूक, दुःख. मी इकडचं तिकडे सांगत होतो, प्रामाणिकपणे. मग लग्नाचा विषय निघाला. पोर देऊ नका असं तुम्ही म्हणालात, ते तुम्हाला कोण सांगतं, असं डॉक्टरांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "कानबाई बोलस."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "कानात बाई बोलते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वहिनींनीही माझ्याकडे बघितलं. मला हसू यायला हवं होतं. एरवी हा प्रसंग मी घरोघर सांगून लोकांना हसवलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं, की डॉक्टर, कानबाई म्हणजे आमच्याकडची देवी. कदाचित त्यानंतरही त्यांनी औषध दिलं असतं, कदाचित नसतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं, "बरोबर ना? कानात एका बाईचा आवाज येतो आणि ती काय करायचं ते सांगते?" मी म्हणालो, "हो."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आल्यापासून," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

यानंतर सगळं सोपं गेलं. आवाज ऐकू येणं, आज्ञा देणारे आवाज, एवढ्या वर्षांपासून. डॉक्टरांनी आबाला आत बोलावून हळू आवाजात समजावलं. गोळ्या सुरू झाल्या. शेंगांची पिशवी त्यांनी घेतली नाही, ती आम्ही परत आणली.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. वहिनी मांडवात खुर्चीवर बसून होत्या. गोळ्यांनी त्यांचं तोंड सुजल्यासारखं झालं होतं, हात थरथरत होते. पोरीची पाठवणी करताना त्या उठल्या, पण कशाला उठलो ते विसरल्यासारख्या उभ्याच राहिल्या. भुसावळच्या मित्रानं मला बाजूला घेऊन विचारलं, की वहिनी बऱ्या आहेत ना. मी म्हटलं, उपचार चालू आहेत. त्याला ते फार आवडलं. अशा आजाराला मांत्रिकाकडे न नेता डॉक्टरकडे नेणारं घर, असं तो लोकांना सांगत होता.

त्यानंतर त्यांच्या अंगात कधी आलं नाही. मुठी काढायचं कामही त्यांच्याकडून गेलं. डोक्यावर परिणाम झालेल्या बाईचा हात देवीच्या धान्याला नको, असं भाऊबंदांनी ठरवलं. ते काम माझ्या बायकोकडे आलं. मी काही बोललो नाही. उलट मी आमच्या कार्यक्रमांत हे उदाहरण द्यायला लागलो. नाव न घेता म्हणायचो, माझ्याच नात्यातली एक बाई, तिच्या अंगात देवी यायची, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि देवी कायमची गेली. गोळीनं जाते ती देवी कसली? इथे टाळ्या पडायच्या. हे मी वर्षानुवर्षं सांगितलं. वहिनी तेव्हा गावी भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या.

पोर परत आली. देवी म्हणाली तसं झालं, असं लोक म्हणाले. मी हा शब्दप्रयोग टाळतो. झालं ते असं, की नवरा तिला कामावरून सारखा फोन करायचा आणि घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकवायला लावायचा, ती घरातच आहे याची खात्री म्हणून. भिंतीवरच्या घड्याळाला फोन लावून ती उभी राहायची. आवाज नीट आला नाही तर घरी आल्यावर मार. त्याच्या आईला तो आधीपासून हेच करायला लावत होता. माझा मित्र, त्या मुलाचा बाप, हे जाणून होता. तो म्हणाला, मला वाटलं लग्न झाल्यावर सुधारेल. डॉक्टरकडे न्यायचा माणूस दुसराच होता. आमच्या दोघांपैकी कुणी त्याला नेलं नाही.

पुतणी तिच्या लहान मुलीला घेऊन धुळ्याला आली, देवपूरमध्ये राहू लागली, शाळेत नोकरी करू लागली. आबा गेल्यावर तिनं आईला स्वतःकडे आणलं. गोळ्या चालूच होत्या. बंद करायचा विचार कुणी केला नाही, कारण बंद केल्या आणि आवाज परत आले तर काय, ही भीती. माझी बायको गेली तेव्हापासून गावचा रोटही बसलेला नाही.

आता यंदाचं सांगतो. उन्हाळ्यात पुतणीचा फोन आला. तिचे आणि माझे संबंध सणावारी फोन करण्यापुरते. ती म्हणाली, नाना, आईला पुन्हा आवाज यायला लागलेत. म्हणते, कान वाजतात, पिठाची गिरणी चालू असल्यासारखे. हाक मारली तर भलतंच उत्तर देते. इथल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या डोस वाढवावा लागेल बहुतेक, पण एकदा आणा आणि सुरुवातीला नेमकं काय झालं होतं ते सांगणारं कुणी असेल तर त्यांनाही आणा. आबा नाहीत. तुम्हीच होता बरोबर.

ती पुढे म्हणाली, की आत्ताच्या डोसवरच आई चालताना तोल जाऊन दोनदा पडली आहे, वाढवला तर ती उठणारच नाही.

मी एसटीनं धुळ्याला गेलो. रस्ताभर मी मनात तयारी करत होतो, की डॉक्टरांना काय सांगायचं आणि त्यात माझा हात कमीत कमी कसा दिसेल. देवपूरला पोचलो तेव्हा वहिनी खाटेवर बसल्या होत्या. मला बघून हसल्या. मी विचारलं, कशा आहात. म्हणाल्या, जेवन व्हई गयं. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं, तेव्हा नीट उत्तर दिलं. मी त्यांच्या मागे गेलो आणि साध्या आवाजात हाक मारली. त्या वळल्या नाहीत. शाळेत मुलांना ध्वनी शिकवताना मी हेच करून दाखवायचो. या बाईला ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी तिच्या कानात बघितलं नसेल, कारण तिच्या कानातला आवाज हा आजार आहे, हे आधीच ठरलेलं होतं. ते मी ठरवलं होतं.

पुतणीला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. कानबाई आणि कानात बाई, डॉक्टरांचा प्रश्न, माझं हो. तिनं चहाचा गॅस बंद केला. चहा उकळलेला नव्हता.

"म्हणजे आईला काहीच नव्हतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही, तो अधिकार मला नाही.

"तेव्हाही नव्हता, नाना."

तिनं दाराकडे बोट दाखवलं. "मला नका सांगू. तिला सांगा."

तर ते मला ओरडून सांगावं लागलं. हळू बोललेलं वहिनींना कळत नव्हतं. मी खाटेपाशी बसून अहिराणीत ओरडून सांगत होतो, की वहिनी, त्या डॉक्टरला मी खोटं सांगितलं, तुम्ही कानबाई म्हटलं होतं, मला माहीत होतं, तरी मी हो म्हटलं. दुसऱ्या वाक्याला शेजारची बाई कपडे वाळत घालायच्या निमित्तानं बाहेर आली आणि तिथेच राहिली. काही शब्द दोनदा सांगावे लागले. 'खोटं' हा शब्द तीनदा. वहिनी माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"माले माहीत शे भाऊ," त्या म्हणाल्या. "मी तठेच बसेल होती ना."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो, की ही गोष्ट मला एकट्याला माहीत आहे. त्यांना डॉक्टरांची मराठी कळत होती. त्यांची डॉक्टरांना कळत नव्हती, एवढंच. मी विचारलं, मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत. त्यांनी हात झटकला.

"काय बोलू? बठ्ठा लोक म्हनतस, येडी बोलस."

मग मी ते विचारलं, जे त्या रोटाला विचारायला हवं होतं. त्या मुलात काय दिसलं होतं? वहिनींनी लगेच सांगितलं, जणू कालच बघितलं होतं. चहा देताना मुलाच्या आईला आबानं सहज काहीबाही विचारलं होतं, भुसावळला पाणी किती दिवसांनी येतं वगैरे. ती बाई प्रत्येक वेळी आधी मुलाच्या तोंडाकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. पाणी किती दिवसांनी येतं, यालाही. वहिनी म्हणाल्या, मी सासूच्या तोंडाकडे तसंच बघायची, पण सासूच्या तोंडाकडे बघणं वेगळं आणि पोटच्या पोराच्या तोंडाकडे बघणं वेगळं. हे आबाला साध्या दिवशी सांगितलं असतं, तर तो काय म्हणाला असता, ते मला माहीत आहे. मी काय म्हणालो असतो, तेही.

मग राहवेना म्हणून मी आणखी एक विचारलं. ते तुम्ही बोललात, की देवी बोलली? खरं सांगा.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला. "माले काय माहीत. तवय मी तठे नव्हती."

पुतणी दारात उभी होती, तिला हसू फुटलं. मला आजही कळलेलं नाही, की हे उत्तर भोळं होतं की त्यांनी माझी जिरवली होती. समईला पाय न लागू देणारी बाई आहे ती.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. या डॉक्टरीणबाई शिरपूरकडच्या, तरुण, अहिराणी आमच्याहून चांगली बोलणाऱ्या. मी सांगितलं. कानबाईचा शब्द आला तसं त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मला वाटलं आता त्या गोळ्या बंद करतील. त्यांनी केल्या नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या शब्दावर तेव्हा सुरू केल्या. आता तुमच्याच शब्दावर बंद करू का?"

त्या कठोर नव्हत्या. त्यांनी वहिनींशी बराच वेळ मोठ्यानं गप्पा मारल्या, मला बाहेर बसवून. मग बोलावून सांगितलं, की सुरुवातीला काय होतं ते आता कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. इतकी वर्षं गोळ्या घेतलेल्या बाईच्या एकदम बंद करता येत नाहीत. डोस वाढवायचा नाही, थोडाथोडा कमी करत जायचं, आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं. आधी कान दाखवा.

कानांच्या डॉक्टरांनी बराच मळ काढला. त्यानंतर तपासणी केली. ऐकू येणं वयाप्रमाणे गेलं आहे, म्हणाले, आणि अशा कानांत गिरणीसारखा आवाज येतो, पुष्कळ म्हाताऱ्यांना येतो. मशीन बसवलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा वहिनींनी विचारलं, हे काय वाजतं आहे. पंखा होता.

गोळ्या कमी होऊ लागल्या. आता आम्ही दोघं त्यांच्यावर पाळत ठेवतो. पुतणी रोज फोन करते, सांगते, आज आई एकटीच हसली. मी विचारतो, कशाला. टीव्हीवरचं बघून बहुधा. आज आई म्हणाली, शेजारणीचा मुलगा नोकरीवर जात नाही, नुसता बाहेर जाऊन बसतो. हे आजाराचं लक्षण की निरीक्षण, असा आमचा खल चालतो. आठवड्यानं कळलं, की मुलाची नोकरी गेलेली होती आणि घरात सांगितलेलं नव्हतं. पुतणी म्हणाली, नाना, हे डॉक्टरांना सांगायचं का.

मला माझाही संशय येतो. हे लिहितो आहे ते वहिनींसाठी की मला बरं वाटावं म्हणून, हे मी पुरतं तपासलेलं नाही. भाषणांत ज्यांना ज्यांना मी गोळीनं गेलेल्या देवीची गोष्ट सांगितली, त्यांच्यातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी ती गोष्ट खोडून टाकावी, एवढं मात्र नक्की. देवी होती की नव्हती, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तिच्या तोंडून एक बाई बोलत होती आणि ती खरं बोलत होती.

श्रावण आला तसा पुतणीचा फोन आला, की आई म्हणते रोट बसवायचा, गावच्या घरात. मी आदल्या आठवड्यात गेलो. भाऊबंदांना भेटलो. कुणाचा हात धान्याला लागावा, यावर दोघातिघांनी कुरबुर केली. मी त्यांनाही सगळं सांगितलं, ओट्यावर बसून. एक म्हातारा चुलतभाऊ म्हणाला, म्हणजे घंटीचा राग काढला म्हण. मी नाही म्हणालो नाही.

मधल्या खोलीत वहिनी सूप घेऊन बसल्या. गहू निवडून झाले होते. हात अजून थोडे थरथरतात. या घरात आता पुरुष दोनच, मी आणि पुण्याला असलेला माझा मुलगा. त्यांनी मुलाची मूठ काढली, वरची पाव मूठ चिमटी-चिमटीनं टाकली. मग पुन्हा हात गव्हात घातला आणि मूठ भरून थांबल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझी मूठ काढताना मला कधी विचारलं नव्हतं.

"भाऊ, तुमनी मूठ टाकू का?"

मागे पुतणी होती, दारात दोन भाऊबंद. खोट्याला मी किती सहज हो म्हणून गेलो होतो, ते आठवलं. आता तोच शब्द तोंडातून निघेना. मी देव मानत नाही. ही मूठ देवीची आहे, हे मला मान्य नाही. पण ती मूठ या घरात माझी मोजणी आहे, आणि ती मोजणी त्या हातात आहे.

"हो," मी म्हणालो.

वहिनींनी मशीनवर बोट ठेवलं. "काय म्हनतस?"

मी मोठ्यानं हो म्हणालो. त्यांनी मान थोडी कलती केली आणि मूठ तशीच धरून ठेवली. मी पुतणीकडे वळून म्हटलं, मशीन बंद पडलं की काय, बघ जरा.

"चालू आहे, नाना," ती म्हणाली. "तिला तुमचा पहिलाच हो ऐकू आला."

मी तिसऱ्यांदा हो म्हणालो. तेव्हा गहू सुपात पडले.